अंगावर एक, वलणीवर एक

‘घडी’ हा मराठीतला माझा एक आवडता शब्द आहे. कपड्याची घडी असते, तशी संसाराचीही घडी असते. नवं लुगडं पहिल्यांदा नेसायचं म्हणजे त्याची घडी मोडायची. घरात सारं सुरळीत झालं की घडी बसली म्हणायचं आणि कर्ता माणूस अचानक गेला की घडी विस्कटली म्हणायचं. घराच्या सुव्यवस्थेला कपड्याच्या घडीचं नाव देणारी ही भाषा आहे. तेव्हा ती बोलणाऱ्या माणसांनी आपले रोजचे कपडे घरात कुठे आणि कसे ठेवले, याचा इतिहास आपण एकदा तरी पाहायला हवा.

राजेरजवाड्यांचे पोशाख संग्रहालयात काचेआड दिसतात. पण शेतावरून आल्यावर खुंटीला अडकवलेली बंडी, वलणीवर टाकलेलं लुगडं, शाळेचा सदरा, रोजचं धोतर यांची नोंद कोण ठेवणार? मला वाटतं, ती नोंद कपडे ठेवण्याच्या वस्तूंनीच ठेवली आहे. खुंटी, वलणी, बोचकं, पेटी, ट्रंक, कपाट ही नुसती सामानाची यादी नाही. घरात कोणाला किती जागा होती आणि कोणाच्या हातात किल्ली होती, याचा तो हिशेब आहे.

कपडे ठेवण्याची आपल्याकडची फार जुनी आणि तपशीलवार नोंद कुठे सापडते, तर ज्यांच्याकडे कपडे जवळजवळ नव्हतेच त्यांच्याकडे. बौद्ध भिक्खूंना तीन चीवरांची मुभा होती. पण ती तीन वस्त्रं कशी ठेवायची, याचे नियम विनयपिटकात बारकाईने दिले आहेत. विहारात चीवर टांगायला बांबूची काठी किंवा दोरी असावी. पाली भाषेत त्यांना ‘चीवरवंस’ आणि ‘चीवररज्जु’ म्हणतात. चीवर टाकण्याआधी ती काठी हाताने पुसून घ्यावी. आणि घडी घालताना कडा चार बोटं मागेपुढे सरकवावी, म्हणजे घडीची मोड रोज मधोमध एकाच जागी पडणार नाही. एकाच जागी मोडलं की कापड तिथेच विरतं. हे नियम दोन हजार वर्षांहून जुने आहेत. कार्ले, भाजे, अजिंठा इथल्या विहारांतून याच परंपरेतले भिक्खू राहून गेले. आजही पैठणी जपणारी बाई दर काही महिन्यांनी ती उलगडते आणि घडी बदलून ठेवते, कारण एकाच मोडीवर जर तुटते. तिला विनयपिटक माहीत नसेल, पण कापडाचा स्वभाव दोघांनी सारखाच ओळखला आहे.

याच ग्रंथात भिंतीतल्या खुंट्यांचाही उल्लेख येतो. जुन्या संस्कृतात खुंटीला ‘नागदंत’ म्हणत, म्हणजे हत्तीचा दात. वात्स्यायनाने शौकीन नागरकाच्या खोलीचं वर्णन केलं आहे, त्यात वीणा अशाच नागदंतावर अडकवलेली असते. पुढे आपल्या वाड्यांच्या जाड भिंतींत हीच खुंटी शिसवी लाकडाची झाली. पागोटं, अंगरखा, उपरणं तिच्यावर असे. भिंतीच्या जाडीतच कोनाडे काढलेले असत आणि त्याच जाडीत लाकडी दारांचं फडताळ बसवलेलं असे. म्हणजे कपाट हे वेगळं सामान नव्हतं, ती भिंतच होती. घर बदललं की कपाट मागे राही.

पण वाडे किती जणांचे? बहुतेकांच्या घरात वलणी होती. कुठे तिला दांडी म्हणतात, कुठे वळण. आढ्याला दोन दोऱ्यांनी टांगलेली एक काठी, नाहीतर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली सुंभाची दोरी. तिच्यावर घरातल्या सगळ्यांचे कपडे एकत्र. आजोबांचं धोतर, सुनेचं लुगडं, पोरांच्या चड्ड्या. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं आणि लपवायची सोयही नव्हती. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला वलणीवर नजर टाकली की त्या घराची आर्थिक स्थिती कळायची. ‘अंगावर एक आणि वलणीवर एक’ असं आपल्याकडच्या बायका सांगायच्या, ते गरिबीचं वर्णन होतं आणि कपडे ठेवण्याच्या पद्धतीचंही. दोनच लुगडी असली की ठेवण्याचा प्रश्न येतोच कुठे? एक वाळेपर्यंत दुसरं अंगावर. ज्या बाईकडे एकच असे, ती नदीवर अर्धं नेसून उरलेलं अर्धं धुवायची आणि वाळवायची.

वलणीतही पुन्हा उंच-नीच होती. माझ्या एका वर्गमित्राच्या घरी सोवळ्याची वलणी अगदी आढ्याजवळ होती. त्याची आजी लांब काठीने त्यावरचं सोवळं हलकेच उतरवायची, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. मी उंबऱ्याशी उभा राहून ते कौशल्य पाहत असे. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ पुढे वाचलं आणि त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सारं घर कसं जेरीला आलं होतं ते कळलं, तेव्हा ती काठी मला पुन्हा आठवली. आमच्याकडे सोवळं नव्हतं, पण नमाजाचे कपडे वेगळे असत. दादीची नमाजाची ओढणी एका ठरलेल्या खुंटीवर असायची आणि ओल्या हातांनी तिला शिवलेलं दादीला चालत नसे. शुचितेची कल्पना प्रत्येक घरात असते. तिची उंची मात्र वेगवेगळी असते.

आणि काहींच्या वाट्याला वलणीसुद्धा नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रं नेसावीत असं सांगितलं आहे. गावगाड्यात मेलेल्याच्या अंगावरचं कापड कोणाच्या वाट्याला जाई, हे जुन्या पिढीला सांगायला नको. ज्याचा कपडा आधीच दुसऱ्याचा असतो, त्याने तो जपून कुठे ठेवायचा? म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, तेव्हा लुगडं कसं नेसावं आणि स्वच्छ कसं राहावं यावरही बोलले. जातीची खूण म्हणून चालत आलेली नेसण्याची पद्धत सोडा, असं त्यांचं सांगणं होतं. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. लुगड्याचा विषय त्या मानाने कमी बोलला जातो. पण आपला कपडा आपण धुणं, आपल्या मनासारखा नेसणं आणि घडी घालून आपल्या घरात ठेवणं हाही हक्कच होता आणि तो मिळवावा लागला.

आता दुसरं टोक पाहू. अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या पोशाखांच्या कोठाराची व्यवस्था लिहून ठेवली आहे. विकत घेतलेलं, विणवून घेतलेलं, नजराणा म्हणून आलेलं कापड ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने ठेवायचं आणि त्याच क्रमाने बाहेर काढायचं. एकाच दिवशी आलेल्या कापडांचा क्रम किमतीने ठरे. वजनाचा आणि रंगाचाही विचार होई. बादशहासाठी एक हजार पूर्ण पोशाख तयार होत आणि त्यांतले १२० पोशाख बारा बोचक्यांत बांधून नेहमी हाताशी ठेवलेले असत. अकबराने काही कपड्यांना देशी वळणाची नावंही दिली होती. शालीला त्याने ‘परमनरम’ म्हटलं. पाचशे रुपयांची असो की पन्नास हजारांची, शालीला याहून चांगलं नाव मला अजून सुचलेलं नाही.

मराठ्यांच्या राज्यकारभारातही अठरा कारखान्यांपैकी एक जामदारखाना होता. ‘जामा’ म्हणजे वस्त्र आणि ‘जामदार’ म्हणजे वस्त्रं राखणारा. आज जामदार आडनावाची कुटुंबं महाराष्ट्रभर आहेत. त्यांच्या पूर्वजांपैकी कोणाच्या तरी हाती दरबारी वस्त्रांची किल्ली असणार, हे त्या आडनावात जपलेलं आहे. तंबू, गालिचे, बैठकी यांचा विभाग फरासखाना. पुण्यात पोलीस चौकीच्या रूपाने ते नाव टिकलं आहे. ही वस्त्रं नुसती नेसण्यासाठी नव्हती. दरबारात मान द्यायचा तो वस्त्रं देऊन. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख म्हणजे फारसीत ‘सर-ओ-पा’. त्याचा मराठीत ‘शिरपाव’ झाला. आज एखाद्याच्या कामगिरीला शिरपाव मिळाला असं आपण म्हणतो, तेव्हा एका जुन्या कापडाच्या घडीला हात लावत असतो. इंग्रजी ‘वॉर्डरोब’ शब्दाचाही मूळ अर्थ वस्त्रं राखण्याची जागा असाच आहे. जगभर कपड्यांच्या कोठाराचं नाव राखण्यावरून पडलं. ज्याच्याकडे राखण्याजोगं होतं त्यालाच राखणदार लागला.

दरबार आणि झोपडी यांच्यामध्ये जी वस्तू दोघांना समान होती ती म्हणजे बोचकं. चौकोनी कापड पसरायचं, मधोमध घड्या रचायच्या, समोरासमोरची टोकं बांधायची. बारा बोचक्यांत बादशहाचे पोशाख मावत आणि एका बोचक्यात एका कुटुंबाचा संसार. उर्दूत त्याला ‘बुकचा’ म्हणतात, तुर्कीत ‘बोहचा’. आपलं बोचकं त्याच कुळातलं. बोचक्याला कुलूप नसतं, पण गाठ असते. ज्याने बांधलं त्यालाच ती गाठ ओळखू येते. दुष्काळात गाव सोडणारा माणूस, फाळणीत देश सोडणारा माणूस, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, सगळ्यांच्या काखेत बोचकं होतं.

माणसं जास्त हलू लागली, तेव्हा बोचक्याच्या जागी पेटी आली. लाकडी पेट्या आणि वेताचे पेटारे आपल्याकडे पूर्वीपासून होतेच. आग्र्याच्या सुटकेची गोष्ट ऐकून पेटारा शब्द तर प्रत्येक मराठी मुलाला माहीत असतो. काठेवाडात मुलीला लग्नात चाकं लावलेला मोठा ‘पटारा’ देत. पण ही सगळी जड वस्तू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली आणि पुढच्या काही दशकांत देशभर रूळ पसरले. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बाजारात आला. त्या पत्र्याची हलकी, स्वस्त, पावसात न भिजणारी आणि कुलूप लावता येणारी पेटी गावोगावचे कारागीर बनवू लागले. तिलाच आपण ट्रंक म्हणू लागलो. हिरव्या-निळ्या रंगावर गुलाबाची फुलं, आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत मालकाचं नाव आणि गावाचं नाव.

शब्दांकडे लक्ष देण्याची खोड असल्यामुळे मला या पेटीची एक गंमत वाटते. ‘पेटी’ संस्कृतातून आली. ‘संदूक’ अरबीतून. ‘ट्रंक’ इंग्रजीतून. तिला लावायचं ‘कुलूप’ हे मूळ अरबी ‘कुफ्ल’. ते उघडायची ‘चावी’ पोर्तुगीज. आणि पुढे तिची जागा घेणारं ‘कपाट’ पुन्हा संस्कृत. तिथे कपाट म्हणजे दाराची फळी. एका साध्या पेटीत एवढे देश शेजारी-शेजारी घडी घालून बसले आहेत. त्यांच्यात कधी तंटा झाल्याचं ऐकिवात नाही.

या पेटीने मुंबई पाहिली. १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली, त्यानंतर कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली. गिरणगावातल्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी राहत. पाळीनुसार झोपायचं. एक उठला की त्याच जागी दुसरा आडवा होई. अंथरूण आपलं नाही, खोली आपली नाही, जेवण खानावळीत. आपलं म्हणजे भिंतीवरचा एक खिळा आणि भिंतीकडेची एक पेटी. तिच्यात एक धुतलेला सदरा, गावी जायचं धोतर, बायकोचं पत्र, मनीऑर्डरच्या पावत्या. दिवसभर दुसऱ्यांसाठी हजारो वार कापड काढणाऱ्या माणसाचे स्वतःचे कपडे दीड हात लांबीच्या पत्र्यात मावत होते. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबला तशा कित्येक पेट्या त्याच रेल्वेने आणि एस.टी.ने गावी परतल्या. गिरण्यांच्या जागी नंतर काय उभं राहिलं, ते आपण रोज पाहतोच.

पुरुषाला पेटीने परक्या शहरात जागा दिली. बाईला तिने स्वतःच्या घरात जागा दिली, आणि हा या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. वलणी सगळ्यांची होती, फडताळाची किल्ली सासूच्या कमरेच्या जुडग्यात होती, पण लग्नात माहेरहून आलेली पेटी सुनेची. तिच्या माहेरचं नाव त्या पेटीवर रंगवलेलं असे. तिला कोणी विचारल्याशिवाय हात लावत नसे. कागदावर हक्क होते. धर्मशास्त्रात स्त्रीधन होतं, शरियतमध्ये मेहर होता आणि मुलीचा वारसा-हिस्साही होता. हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने दिली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा २००५ च्या दुरुस्तीने. पण गावोगाव दोन्ही समाजांतल्या बहिणी भावाच्या नावे हक्कसोड करत आल्या आहेत. या सगळ्यात बाईच्या हाती प्रत्यक्ष काय होतं? दीड हाताची पेटी आणि तिची चावी.

माझ्या दादीची पेटी तिच्या बाजेखाली असे. वर रोजची लुगडी. हो, आमची दादी नऊवारीच नेसायची, आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावात अनेक मुसलमान बायका नेसत. मधे तिच्या निकाहाचा जोडा. आणि सर्वांत तळाशी एका पांढऱ्या फडक्यात तिचं कफन. गावातले कोणी हजला गेले होते, त्यांनी ते जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून आणलं होतं. स्त्रीच्या कफनाचे पाच तुकडे असतात आणि त्यांना टाका घातलेला नसतो. दर वर्षी पाऊस संपला की दादी पेटी अंगणात आणायची, एकेक कपडा उन्हात टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा त्याच क्रमाने रचायची. कफन तळाशी, रोजचं वर. आम्हा मुलांना त्यात भीतिदायक काही वाटत नसे. तिने आपली सगळी तयारी एका पेटीत करून ठेवली होती आणि आपल्यानंतर कोणाला धावाधाव करावी लागणार नाही, याचं तिला समाधान होतं.

ते उन्हात टाकणं नुसता रिवाज नव्हता. चार महिन्यांच्या पावसात कापडाला दमट वास येतो, बुरशीचे ठिपके पडतात, कसर लागते. कसर म्हणजे काय, तर दोन निराळे किडे. एकाची अळी लोकर आणि रेशीम खाते, कारण ती प्राण्यांपासून येतात. दुसरा चकचकीत रुपेरी किडा खळ दिलेल्या सुती कपड्यावर जातो, कारण त्याला खळीतलं पीठ हवं असतं. म्हणून जाणत्या बायका कपडा दीर्घकाळ ठेवायचा असेल तर त्याची खळ धुऊन काढतात. भाद्रपद-अश्विनाचं कडक ऊन दोन्हींवर चालतं. त्याच्या जोडीला कडुलिंबाचा वाळलेला पाला, वेखंड, लवंग, कापूर. पुढे डांबराच्या गोळ्या आल्या. दगडी कोळशाच्या डांबरातून नॅप्थलीन निघतं म्हणून त्यांचं हे नाव. त्यांच्या वासानेच आमच्या पिढीला लग्नाचा हंगाम आठवतो. पण लहान बाळाचे कपडे त्यांत ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना त्या अपाय करतात. आणि जरीचं लुगडं ठेवावं ते मऊ धुवट सुती कापडात गुंडाळून. चांदीची जर हवेतल्या गंधकाने काळवंडते, त्यापासून तेवढाच आडोसा.

हे सगळं न शिवलेल्या कापडाचं शास्त्र झालं. लुगडं, धोतर, उपरणं, चादर यांना अंगाचा आकार नसतो. म्हणून त्यांची घडी सपाट बसते आणि एकावर एक रचता येते. शिवलेल्या कपड्याला खांदे असतात, बाह्या असतात. माझे अब्बा शिंपीकाम करायचे. ते म्हणत, कापडाला कातर लागली की त्याला टांगायला जागा लागते. कोट आला तसा हँगर आला आणि हँगर आला तसं उभं कपाट आलं. आमच्या घरी मात्र तयार कपडे टांगलेले असत ते गिऱ्हाइकांचे. ईद आणि दिवाळी जवळ आली की भिंत भरून जाई. आमचे कपडे त्याच भिंतीखाली पेटीत. माझी शाळेची पँट रात्री गादीखाली घडी घालून ठेवली जाई, म्हणजे सकाळी इस्त्री झालेली मिळे. कधी तांब्यात निखारे भरून तो सदऱ्यावर फिरवला जाई. ज्यांनी हे केलं आहे त्यांना जास्त सांगायला नको.

मग लोखंडी कपाट आलं. १८९७ मध्ये कुलपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटं बनवायला घेतली. आधी कुलूप आणि मग कपाट, हा क्रम मला बोलका वाटतो. सुरुवातीला ती पेढ्यांत आणि कचेऱ्यांत गेली. मध्यमवर्गीय घरात ती सर्रास दिसू लागली स्वातंत्र्यानंतर, आणि आमच्यासारख्यांच्या घरात तर आणखी तीस-चाळीस वर्षांनी. कोणत्याही लोखंडी कपाटाला लोक ‘गोदरेज’च म्हणत. मुलीच्या लग्नात ते द्यावं लागे, त्यासाठी बाप कर्ज काढी. दारावर उभा आरसा, आत एक कुलपाचा कप्पा. घरातल्या बाईने स्वतःला पायापर्यंत पहिल्यांदा पाहिलं ते या आरशात.

आमच्या घरी कपाट हप्त्यांवर आलं. अम्मीच्या साड्या, अब्बांचे कागद, घराची पावती, दोन बांगड्या, सगळं एका दाराआड गेलं. किल्ली एकच, आणि ती अब्बांच्या खिशात. घराची प्रतिष्ठा वाढली, पण अम्मीला साडी काढायची तरी किल्ली मागावी लागे. अब्बा वाईट नव्हते. किल्ली घरच्या पुरुषाकडे असते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. अम्मीने वाद घातला नाही. तिने आपली जुनी पेटी भंगारात द्यायला मात्र साफ नकार दिला. रात्री अब्बांच्या दुकानातली काजं-बटणं ती करायचीच. दुपारी शेजारच्या बायकांचे ब्लाउज शिवायची, त्याचे पैसे त्या पेटीत जात. माझ्या धाकट्या बहिणीला डी.एड.ला प्रवेश मिळाला, तेव्हा कपाटात पैसे नव्हते. ते अम्मीच्या पेटीतून निघाले. बहीण पुढे शिक्षिका झाली. तिच्या पहिल्या पगारातून तिने अम्मीला विचारलं, काय घेऊ? अम्मी म्हणाली, कपाटाची दुसरी किल्ली करून आण. त्या दिवसापासून आमच्या कपाटाला दोन किल्ल्या झाल्या. अब्बा काही बोलले नाहीत. आठवड्याने त्यांनी स्वतःच वरचा एक कप्पा रिकामा करून दिला.

कपडा जुना झाला तरी घराबाहेर जायला त्याला पुष्कळ वर्षं लागत. लुगड्याचं परकर, परकराचं झबलं, झबल्याचं दुपटं, शेवटी गोधडी. गोधडी म्हणजे घरातल्या सगळ्या जुन्या कपड्यांचं एकत्र कोठारच. तिच्या ठिगळांत आजीचं पातळ आणि नातवाचा सदरा ओळखता येतो. पुढे बोहारीण दारात येऊ लागली. पाच साड्यांना एक स्टीलचं पातेलं आणि त्यावर अर्धा तास घासाघीस. दुसऱ्या महायुद्धात कापडाची एवढी टंचाई झाली की १९४३ मध्ये सरकारला कापडावर नियंत्रण आणावं लागलं. १९०५ साली पुण्यात आणि १९२१ साली मुंबईत विदेशी कापडाच्या होळ्या झाल्या, त्यांत लोकांनी पेटीतले कपडे आणून टाकले. ज्यांच्याकडे चार-सहाच कपडे होते, त्यांनी त्यांतला एक आगीत टाकणं याचा अर्थ आज, भरलेल्या कपाटासमोर उभं राहून, चटकन लक्षात येत नाही.

कारण आज आपला प्रश्न नेमका उलटा झाला आहे. कपडे स्वस्त झाले, भिंतभर वॉर्डरोब आले, तरी जागा पुरत नाही. जे नको ते देऊन टाकावं म्हणतो, पण घ्यायला कोण आहे? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे गेले. त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. उद्ध्वस्त झालेल्या कोळ्यांनी दुसऱ्यांचे उतरवलेले कपडे घ्यायला नकार दिला. मृताचं वस्त्र कोणाच्या तरी वाट्याला जावं असं सांगणाऱ्या जुन्या व्यवस्थेला दिलेलं ते उत्तर होतं, असं मला तेव्हा वाटलं. द्यायचंच असेल तर ते धुऊन, टाके घालून, इस्त्री करून आणि घडी घालून द्यावं. घडीत घेणाऱ्याचा मान असतो.

आणि एक शेवटचं. एवढ्या मोठ्या कपाटांत आज कोणाकोणाला जागा आहे, तेही पाहावं. मुलाकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या आईचे कपडे अनेकदा पलंगाखालच्या बॅगेतच असतात. ती जणू केव्हाही निघणार आहे! घरकामाला येणाऱ्या बाईची पिशवी दारामागच्या खिळ्यावर लटकते. नव्या सुनेला मिळतो तो खालचा कप्पा. दिवाळीच्या आधी आपण कपाटं आवरतोच. या वेळी आवरताना घरातल्या प्रत्येकासाठी एकेक कप्पा मोकळा करावा, आणि ज्याचा कप्पा त्याच्याच हाती त्याची किल्ली द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)